झिजलेल्या सिमेंटी अंगणाची घरच्या घरी दुरुस्ती

शेतकऱ्याच्या घरापुढील अंगण हे केवळ उठण्याबसण्याचे ठिकाण नसते. सुगीच्या दिवसांत तेच त्याचे खळे होते, तेच वाळवणाचे पटांगण होते आणि माल बाजारात जाण्यापूर्वी शेवटचा पसरला जातो तोही तेथेच. पूर्वी हे अंगण मुरूम व माती टाकून, पाणी शिंपून, चोपून व शेणाने सारवून तयार करीत. मळणीसाठी मध्यभागी मेढ रोवून तिच्याभोवती बैलांची पात फिरवीत. मळणीयंत्रे आल्यानंतर पात मागे पडली. परंतु सोयाबीन, तूर, ज्वारी, गहू, मिरची, शिजविलेली हळद इत्यादी माल वाळविण्यासाठी स्वच्छ व कोरड्या जागेची आवश्यकता कमी झालेली नाही. याच गरजेतून गावोगावी सिमेंट काँक्रीटची अंगणे झाली.

मातीच्या अंगणाची दर सुगीला डागडुजी होत असे. सिमेंटचे अंगण मात्र एकदा केले की कायमचे झाले, अशी समजूत रूढ आहे. प्रत्यक्षात दहा-पंधरा वर्षांत, आणि काम निकृष्ट झाले असल्यास दोन-तीन वर्षांतच, त्याचा वरचा थर झिजतो, खडी उघडी पडते, खळगे होतात व भेगा पडतात. अशा अंगणावर धान्य ओढताना सुटलेली वाळू व खडे त्यात मिसळतात. खळग्यांत पाणी साचून माल खालून ओला राहतो. सोयाबीनच्या सरकारी खरेदीत ओलाव्याची नेहमीची मर्यादा १२ टक्के आहे. वरून कडकडीत वाळलेला दिसणारा ढीग खालून ओला निघाला, तर तो परत आणावा लागतो. भुईमूग व मका ओलसर जागेवर राहिल्यास त्यांवर बुरशी वाढून अफ्लाटॉक्सिन हे विष निर्माण होण्याचा धोका असतो. भेगांत अडकलेल्या दाण्यांत सोंडकिडे व इतर किडी आश्रय घेतात आणि पुढील हंगामाच्या मालाला लागतात. यावरून अंगणाची दुरुस्ती हा शोभेचा प्रश्न नसून वर्षभराच्या श्रमाचे मोल राखण्याचा प्रश्न आहे, हे ध्यानात येईल.

या दुरुस्तीसाठी सर्रास योजिला जाणारा उपाय म्हणजे जुन्या अंगणावर सिमेंट-वाळूचा बोटभरही जाड नसलेला लेप देऊन तो थापीने घोटणे. असे अंगण दिवाळीत नव्यासारखे दिसते आणि होळीच्या सुमारास पापुद्र्यांनी उठू लागते. सिमेंट, वाळू व मजुरी यांवरील सर्व खर्च वाया जातो. शिवाय उखडलेला लेप काढण्याचे काम नव्याने उभे राहते. नवा थर किती काळ टिकेल हे त्याच्या चकाकीवर अवलंबून नसून जुन्या काँक्रीटला तो किती घट्ट धरून बसतो यावर अवलंबून असते. ही पकड कशी निर्माण होते व कशाने सुटते, हे समजून घेतल्यास दुरुस्तीची प्रत्येक पायरी का आवश्यक आहे ते आपोआप स्पष्ट होईल.

अंगण का झिजते

सिमेंट वाळून घट्ट होते असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः सिमेंट व पाणी यांच्यात रासायनिक क्रिया घडून ते घट्ट होते, आणि ही क्रिया चालू राहण्यास ओलावा लागतो. पहिल्या काही दिवसांतच अंगण उन्हात सुकले तर ही क्रिया वरच्या थरात अर्धवट राहते. असा थर पुढे कितीही पाणी मारले तरी पूर्ववत सशक्त होत नाही.

दुसरे कारण म्हणजे मिश्रणातील जादा पाणी. पातळ मिश्रण पसरावयास सोपे असते. म्हणून कामकरी त्यात सढळ हाताने पाणी ओततात. खडी व वाळू खाली बसू लागली की हे जादा पाणी वर येते व आपल्याबरोबर सिमेंट आणि मातीचे बारीक कण आणते. दुधावर साय यावी तसा हा कणांचा थर पृष्ठभागावर जमतो. तो दिसावयास गुळगुळीत असला तरी अत्यंत दुबळा असतो. वर आलेले पाणी शोषून घेण्यासाठी त्यावर कोरडे सिमेंट भुरभुरून घोटण्याची पद्धत तर अधिकच हानिकारक आहे. त्यामुळे वर एक ठिसूळ कवच तयार होते; त्याला केसासारख्या बारीक भेगा पडतात आणि थोड्याच काळात झाडताना सिमेंटची पूड निघू लागते.

याखेरीज ट्रॅक्टर व ट्रॉलीची चाके, लोखंडी फावडी, मळणीयंत्राचे हादरे यांनी झीज होते. जनावरांचे मूत्र, सांडलेली मळी, मुरघासाचा आंबट रस हे पदार्थ काँक्रीट हळूहळू खातात. अमोनियम सल्फेटसारखे खत ओल्या अंगणावर सांडून राहिल्यास तेही काँक्रीटला अपायकारक ठरते. म्हणून खतांच्या गोण्या अंगणात थेट टेकवून ठेवू नयेत.

दुरुस्तीपूर्वीची तपासणी

रोगाचे निदान झाल्याशिवाय औषध देता येत नाही. पुढील तपासण्यांना विशेष साधने लागत नाहीत.

१. हातोडीची तपासणी : साधारण एक-एक फुटावर हातोडीने हलके ठोके मारीत जावे. भरीव व खणखणीत आवाज आल्यास थर शाबूत आहे. पोकळ व भद्द आवाज आल्यास वरचा थर खालून सुटलेला आहे असे समजावे व त्या भागाभोवती खडूने रेघ ओढावी.

२. खिळ्याची तपासणी : मोठ्या खिळ्याने जोर देऊन ओरखडा काढावा. पांढरट रेघ उमटून थांबल्यास पृष्ठभाग कठीण आहे. पूड निघून चर पडल्यास वरची साय दुबळी आहे.

३. पाण्याची तपासणी : अंगण झाडून त्यावर घागरभर पाणी ओतावे. पाणी कोठे थांबते व कोणत्या दिशेने वाहते हे पाहावे. जेथे पाण्याचे थेंब न जिरता गोळा होऊन राहतात, तेथे तेल किंवा वंगण मुरलेले असते.

४. ओलाव्याची तपासणी : सुमारे दीड फूट लांब-रुंद प्लॅस्टिकचा तुकडा कोरड्या अंगणावर पसरून त्याच्या चारी कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात व तो रात्रभर ठेवावा. सकाळी खालच्या बाजूस थेंब दिसल्यास किंवा काँक्रीट काळपट झाले असल्यास जमिनीतील ओल वर येत आहे. अशा ठिकाणी प्रथम मोरीचे, छपराच्या पागोळ्यांचे किंवा हौदाचे पाणी अंगणाखाली मुरते काय ते शोधून ते बाहेर काढून द्यावे.

५. भेगांची तपासणी : प्रत्येक मोठ्या भेगेच्या दोन्ही बाजूंस खुणा करून त्यांमधील अंतर वहीत नोंदवावे. उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्याच्या मध्यास पुन्हा मोजावे. अंतर बदलत असल्यास ती भेग जिवंत आहे, म्हणजे खालची जमीन अद्याप हलत आहे.

कोणता उपाय केव्हा

अंगणाचा पृष्ठभाग सर्वत्र भरीव असून केवळ पूड निघत असेल, तर नवा थर घालण्याचे कारण नाही. तारेच्या ब्रशाने दुबळी साय खरवडून काढावी, अंगण स्वच्छ धुऊन पूर्ण वाळू द्यावे व त्यावर सोडियम सिलिकेटचे द्रावण डब्यावरील सूचनेनुसार पातळ करून द्यावे. हे द्रव्य काँक्रीटमधील मुक्त चुन्याशी संयोग पावून सूक्ष्म छिद्रे भरते व पृष्ठभाग कठीण करते. ते रंगासारखे वर बसत नाही. म्हणून खळगे किंवा भेगा त्याने भरत नाहीत. शेवटचा हात दिल्यानंतर अंगण पुन्हा स्वच्छ धुऊनच त्यावर धान्य पसरावे.

झीज तुरळक ठिकाणी असल्यास तेवढाच भाग दुरुस्त करावा. खळग्याच्या कडा छिन्नीने सरळ व उभ्या कापून तो चौकोनी करावा आणि निदान २५ मिलिमीटर खोल करावा. कडांना विरळ होत गेलेला लेप तेथूनच प्रथम उखडतो. असा खळगा एक भाग सिमेंट व तीन भाग वाळू यांच्या घट्ट मालाने भरावा. मालात बाजारात मिळणारे लॅटेक्स डब्यावरील प्रमाणात घातल्यास पकड चांगली येते.

खडी सर्वत्र उघडी पडली असेल, परंतु खालचे काँक्रीट भरीव व स्थिर असेल, तर ४० मिलिमीटर जाडीचा काँक्रीटचा नवा थर, म्हणजे कोबा, घालावा. या लेखात पुढे मुख्यतः याच कामाची पद्धत दिली आहे.

निम्म्याहून अधिक अंगण पोकळ वाजत असेल, तुकडे पायाखाली हलत असतील किंवा एक कड खचली असेल, तर वरून कोणताही थर घालू नये. जुने काँक्रीट काढून, खालचा भराव पाणी मारून व चोपून पक्का करून, अंगण नव्यानेच करावे. हा सल्ला प्रथम खर्चिक वाटतो. परंतु हलणाऱ्या पायावर घातलेला थर पायाबरोबरच फुटतो.

काळ्या जमिनीतील अंगणे

मराठवाडा, विदर्भ व पश्चिम महाराष्ट्राच्या मोठ्या भागातील काळी जमीन पावसात फुगते व उन्हाळ्यात आकसते. उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या हातभर खोल भेगा ज्या कारणाने पडतात, त्याच कारणाने अंगणही वरखाली होते. अशा जमिनीवर पुरेसा मुरूम न भरता केलेल्या अंगणातील भेगा जिवंत असतात. त्या सिमेंटने बुजविल्यास दुसऱ्या वर्षी त्याच ठिकाणी किंवा शेजारी पुन्हा उघडतात.

यावर उपाय दोन. पहिला, अंगणाच्या कडेने पाणी मुरू न देणे : पागोळ्यांचे पाणी पन्हळीने दूर नेणे, कडेला चर काढून त्याला उतार देणे व अंगणालगत पाणी साचेल असे आळे न करणे. जमिनीतील ओलावा वर्षभर जितका समान राहील, तितकी तिची हालचाल कमी होते. दुसरा, भेगेला भेग म्हणूनच राहू देणे : नव्या थराचा सांधा बरोबर तिच्यावर आणावा व तो सिमेंटने न भरता लवचिक राहणाऱ्या सांधाभरणीने भरावा. खालची भेग नव्या थराच्या मध्यातून गेल्यास ती वर उमटल्याशिवाय राहत नाही.

हंगामाची निवड

कोरडवाहू व बागायती अशा दोन्ही भागांत या कामाला डिसेंबर ते जानेवारीचा मध्य हा काळ सोईचा ठरतो. खरिपाचा माल तोपर्यंत उचललेला असतो, गहू-हरभऱ्याची मळणी दूर असते, ऊन सौम्य असते व विहिरीला पाणी असते. हळदीसाठी अंगण लागत असल्यास काढणी सुरू होण्यापूर्वी पुरा एक महिना शिल्लक राहील असा बेत करावा. कोकणात भाताची झोडणी आटोपताच काम हाती घ्यावे.

एप्रिल-मे महिन्यांत रिकामा वेळ असतो म्हणून याच दिवसांत पुष्कळ दुरुस्त्या होतात. परंतु त्या वेळी तापलेले जुने काँक्रीट नव्या मालातील पाणी ओढून घेते, वरून उष्ण वारा उरलेले पाणी नेतो आणि पुढे पाणी द्यावयास विहिरीत पाणी नसते. उन्हाळ्यात काम करणे अपरिहार्य असल्यास ते पहाटे सुरू करून ऊन चढण्यापूर्वी संपवावे व कामावर सावली करावी.

साहित्य व त्याचे माप

सिमेंट ताजे असावे. गोणीवर भारतीय मानक ब्यूरोची खूण व उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष छापलेले असते. ते पाहूनच खरेदी करावी. तीन महिन्यांहून जुने किंवा हाताने न फुटणारे गोळे असलेले सिमेंट या कामास वापरू नये. ग्रामीण बाजारात बहुधा पोझोलाना सिमेंट मिळते. ते या कामास चालते. मात्र त्याची शक्ती सावकाश वाढत असल्याने त्यास अधिक दिवस पाणी द्यावे लागते.

वाळू नदीची असो वा दगड दळून केलेली कृत्रिम असो, ती मातीविरहित असावी. काचेच्या बरणीत निम्म्यापर्यंत वाळू घालून, मिठाचे पाणी ओतून, जोराने हलवावी व तीन तास स्थिर ठेवावी. वाळूवर जमलेला गाळाचा थर वाळूच्या उंचीच्या सुमारे ८ टक्क्यांहून अधिक असल्यास वाळू धुऊन घ्यावी. खडी १० मिलिमीटर व त्याखालील आकाराची, कठीण काळ्या दगडाची व धुतलेली असावी.

मिश्रणाचे प्रमाण एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू व तीन भाग खडी असे ठेवावे. सिमेंटची ५० किलोची गोणी सुमारे ३५ लिटर भरते. म्हणून ४० सेंटीमीटर लांब, ३५ सेंटीमीटर रुंद व २५ सेंटीमीटर उंच अशी लाकडी पेटी करून घ्यावी. ती बरोबर ३५ लिटरची होते. एका गोणीस दीड पेटी वाळू व तीन पेट्या खडी घ्यावी. ओलसर वाळू फुगलेली असते. तिचे माप पाचव्या ते चौथ्या हिश्शाने अधिक घ्यावे. घमेल्यांच्या अंदाजाने केलेल्या कामात प्रत्येक घाणा वेगळा होतो व अंगण जागोजागी निराळे झिजते.

एका गोणीस एकूण २२ ते २५ लिटर पाणी पुरे होते. ओल्या वाळूतूनच तीन-चार लिटर पाणी येते. तेवढे वरून कमी घालावे. तयार माल मुठीत दाबला असता त्याचा गोळा वळला पाहिजे, पण बोटांतून पाणी गळता कामा नये.

उदाहरणादाखल ६ मीटर लांब व ५ मीटर रुंद, म्हणजे ३० चौरस मीटरचे अंगण घेतले, तर ४० मिलिमीटर थरास १.२ घनमीटर काँक्रीट लागते. त्यासाठी सुमारे दहा गोण्या सिमेंट, अर्धा घनमीटर वाळू व एक घनमीटर खडी लागेल. ब्रासच्या हिशेबाने ही वाळू पाचव्या हिश्शाहून किंचित कमी व खडी एक-तृतीयांशाहून किंचित अधिक होते. पकडीसाठी द्यावयाच्या सिमेंटच्या रबडीस दर चौरस मीटरला दोन किलोप्रमाणे ६० किलो सिमेंट वेगळे धरावे. सर्व मिळून अकरा ते बारा गोण्या आणाव्यात.

काम सुरू करण्यापूर्वी उंबऱ्याची उंची अवश्य तपासावी. नव्या थराने अंगण ४० मिलिमीटर वर येणार असते. पावसाचे पाणी घरात शिरणार नाही, दार अडणार नाही व तुळशीवृंदावनाभोवती पाणी कोंडणार नाही याची खात्री करावी. घरापासून बाहेर दर मीटरला १० ते १५ मिलिमीटर उतार असावा. जुन्या अंगणाला उतार नसल्यास घराकडील बाजूस थर जाड करावा लागेल व त्या मानाने साहित्य वाढेल.

जुन्या पृष्ठभागाची तयारी

सर्व कामात ही पायरी सर्वाधिक कष्टाची व सर्वाधिक महत्त्वाची आहे, आणि घाईत नेमकी हीच टाळली जाते. प्रथम पोकळ वाजणारे सर्व भाग काढून टाकावेत. मुरलेले तेल धुण्याचा सोडा व गरम पाणी यांनी घासून काढावे. न निघाल्यास तेवढे काँक्रीट छिन्नीने काढावे. त्यानंतर संपूर्ण अंगणावर छिन्नी व हातोड्याने टाचे मारावेत. टाचे सुमारे पाच सेंटीमीटर अंतरावर व तीन ते पाच मिलिमीटर खोल असावेत आणि त्यांखाली स्वच्छ खडी दिसावी. गुळगुळीत पृष्ठभागावर नवा थर केवळ टेकून राहतो; खरबरीत पृष्ठभागात तो रुतून बसतो.

टाचे मारताना उडणारी दगडाची सूक्ष्म धूळ फुप्फुसांस अपायकारक असते. म्हणून अंगण ओले ठेवून काम करावे, नाकातोंडावर योग्य मुखपट्टी व डोळ्यांवर चष्मा असावा. आम्ल ओतून पृष्ठभाग खरबरीत करण्याचा प्रयोग घरी करू नये. त्याने भाजण्याचा धोका असतो आणि नीट न धुतलेले आम्ल पकड बिघडविते.

टाचे मारून झाल्यावर तारेच्या ब्रशाने घासून, झाडून, भरपूर पाण्याने धुवावे. तळहात फिरविला असता हाताला धूळ लागता कामा नये. नंतर अंगण रात्रभर भिजत ठेवावे. तहानलेले काँक्रीट नव्या मालातील पाणी शोषून घेते व दोहोंच्या सांध्यात सिमेंट कच्चे राहते. सकाळी साचलेले पाणी मात्र पूर्ण पुसून घ्यावे. काँक्रीट आतून ओले व वरून कोरडे दिसेल अशी स्थिती असावी. डबक्यावर घातलेला थर पकड धरीत नाही.

थर घालण्याची रीत

अंगण लहान चौकटींत विभागावे. उघड्यावरील एक चौकट दोन चौरस मीटरपेक्षा मोठी नसावी. वरील उदाहरणात लांबीचे चार व रुंदीचे चार भाग केल्यास दीड मीटर बाय सव्वा मीटरच्या सोळा चौकटी होतात. जुन्या अंगणातील सांधे व मोठ्या भेगा चौकटींच्या रेषांवर येतील अशी मांडणी करावी, मग चौकटी थोड्या लहानमोठ्या झाल्या तरी चालेल. काँक्रीट घट्ट होताना आकसते. चौकट लहान असल्यास हे आकसणे सांध्यात सामावते, मोठी असल्यास मध्येच भेग पडते.

४० मिलिमीटर उंचीच्या लाकडी पट्ट्या तेल लावून दोरी व पाणसळीने उतारात बसवाव्यात. पहिल्या दिवशी बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे एक सोडून एक अशा आठ चौकटी भराव्यात व उरलेल्या आठ दुसऱ्या दिवशी पट्ट्या काढून भराव्यात. एका गोणीच्या घाण्यात दीड चौकटीहून थोडे अधिक काम होते. एका वेळी तेवढाच माल कालवावा. घट्ट होऊ लागलेल्या मालात पाणी घालून तो पुन्हा वापरू नये.

माल घालण्यापूर्वी लगेच त्या एकाच चौकटीत सिमेंटची दाट रबडी ओतून ती राठ झाडूने टाच्यांत घासून बसवावी. रबडी ओली असतानाच वर काँक्रीट पडले पाहिजे. ती वाळली तर पकड देण्याऐवजी पकड तोडणारा पापुद्रा बनते. वाळल्यास खरवडून पुन्हा द्यावी. म्हणून सर्व अंगणास एकदम रबडी लावून ठेवू नये. काँक्रीट पसरून, ठोकून, सरळ पट्टीने सपाट ओढावे. कोपऱ्यांत व कडांशी माल विशेष काळजीने ठोकावा.

यानंतर थोडा धीर धरावा लागतो. वर आलेले पाणी आपोआप नाहीसे होऊन चमक गेल्यावरच लाकडी रंध्याने घोटावे. त्यापूर्वी घोटल्यास साय वर येते. पाणी लवकर जात नसल्यास ते गोणपाटाने टिपावे. कोरडे सिमेंट भुरभुरू नये. धान्य सहज ओढता यावे म्हणून लाकडी रंध्यानंतर लोखंडी थापीचा एकच हलका हात द्यावा. आरशासारखी घोटाई टाळावी. पावसाळ्यात अशा अंगणात वृद्ध माणसे व जनावरे घसरतात. जनावरांच्या वाटेवर ओला झाडू आडवा फिरवून बारीक रेघा पाडाव्यात.

ओले सिमेंट कातडी भाजते व ही इजा प्रथम जाणवत नाही. काम करणाऱ्यांनी रबरी बूट व हातमोजे वापरावेत, ओल्या मालात गुडघे टेकून बसू नये व डोळ्यांत शिंतोडा गेल्यास स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुऊन त्वरित वैद्यकीय उपचार घ्यावा.

पाणी देणे

घोटाई पूर्ण होऊन बोटाचा ठसा उमटेनासा झाला की चौकटीवर ओले गोणपाट अंथरावे. दुसऱ्या दिवशी, सर्व चौकटी भरल्यानंतर, कडेने मातीचे वरंबे घालून अंगणाचे वाफे करावेत व त्यांत पाणी भरून ठेवावे. ३० चौरस मीटर अंगणात सरासरी अडीच सेंटीमीटर पाणी राहण्यास एका भरणीस ७५० लिटर पाणी लागते. त्याची सोय आधीच करावी. उतारामुळे वरची बाजू उघडी पडत असेल तेथे गोणपाट ठेवून ते सतत ओले ठेवावे.

पोझोलाना सिमेंटला अशा रीतीने निदान दहा दिवस अखंड ओलावा मिळाला पाहिजे. सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडणे व दुपारी अंगण सुकू देणे हे पाणी दिल्यासारखे दिसते, पण त्याचा उपयोग थोडा होतो. रोपाला पहिल्या आठवड्यात पाण्याचा ताण बसला तर पुढील पाळ्यांनी ते नुकसान भरून निघत नाही. नव्या काँक्रीटचेही तसेच आहे. दहा दिवसांनंतर पाणी काढावे, पण अंगण एकदम कडक उन्हात न सुकविता आणखी दोन-तीन दिवस गोणपाट राहू द्यावे.

पहिले तीन दिवस माणसांची व जनावरांची ये-जा बंद ठेवावी. ट्रॅक्टर, ट्रॉली व मळणीयंत्र २८ दिवसांपूर्वी अंगणात आणू नये. धान्य पसरण्यापूर्वीही तितकाच अवधी जाऊ द्यावा व अंगण एकदा स्वच्छ धुऊन वाळवावे.

वापर व निगा

दर सुगीपूर्वी अंगण झाडून, सांध्यांतील माती व जुने दाणे काढून टाकावेत. सांधाभरणी सुटली असल्यास ती नव्याने करावी. धान्य ओढण्यास लोखंडी फावड्याऐवजी लाकडी फावडे वापरावे. मूत्र, मळी किंवा खत सांडल्यास त्याच दिवशी पाण्याने धुवावे. कोकणात व घाटमाथ्यावर पावसाळ्यात शेवाळ चढते. ते राठ झाडूने घासून काढावे. वर्षातून एकदा हातोडीची तपासणी करावी. तळहाताएवढा पोकळ भाग वेळीच दुरुस्त केल्यास एका घमेल्याच्या मालात काम भागते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

गावातील शेतकऱ्यास सल्ला देताना प्रथम त्याच्याबरोबर अंगणावर हातोडी फिरवावी. कारण पोकळ आवाज त्याने स्वतः ऐकल्यावर पातळ लेपाचा आग्रह तो बहुधा सोडतो. गवंड्याशी ठराव होतानाच पुढील चार गोष्टी ठरवून घ्याव्यात : सर्व अंगणावर टाचे मारले जातील, सर्व मोजमाप पेटीने होईल, कोरडे सिमेंट भुरभुरले जाणार नाही, आणि दहा दिवस पाणी देण्याची जबाबदारी कोणाची, हे नाव घेऊन ठरेल. ही शेवटची जबाबदारी पुष्कळदा घरातील स्त्रियांवर येऊन पडते. म्हणून पाणी किती, केव्हा व का द्यावयाचे हे त्यांनाही समक्ष समजावून सांगावे.

ज्या शेतकऱ्यास एकाच वर्षी सर्व खर्च झेपत नाही, त्याने सर्व अंगणावर पातळ लेप देण्यापेक्षा यंदा वाळवणापुरत्या चार-सहा चौकटी योग्य रीतीने कराव्यात व उरलेल्या पुढील वर्षी घ्याव्यात. चौकटींची मांडणी स्वतंत्र असल्याने काम असे टप्प्याटप्प्याने करण्यास अडचण येत नाही. त्या थोड्या चौकटींवर वाळलेला माल स्वच्छ व कोरडा निघाला, म्हणजे उरलेले काम पुरे करण्यास लागणाऱ्या खर्चाचा काही भाग तोच मिळवून देईल.